ताईचा रंग

रविवारी सकाळी मी चित्रकलेच्या वर्गाला जायला लागले ते ताईने लकडा लावला म्हणून. "आठवडाभर लोकांचं रक्त तपासतेस आणि घरी आलीस की माझं अंथरूण. एक दिवस तरी बाहेर पड गं," ती म्हणाली. मोठी बहीण. अंगात रक्त टिकत नव्हतं, म्हणून वर्षभर खाटेला खिळलेली. घरात आम्ही दोघीच. मी इतकी थकले होते, की वाद घालायचंही त्राण नव्हतं.

हार्डवेअरच्या दुकानावरची लांबट खोली, टर्पेंटाइनचा वास, खिडकीशी टेबलावर मोठी काच. सर लालबुंद चेहऱ्याचे, गप्पिष्ट. "पोटासाठी पाट्या रंगवतो आणि पापं फेडायला तुम्हाला शिकवतो," म्हणायचे. ट्यूबा चारच: लाल, पिवळी, निळी, पांढरी. बाकी सगळं त्यांतूनच काढायचं. काचेवर रंग पसरायचा, त्यावर कागद दाबायचा आणि अलगद उचलून छाप घ्यायची.

एकदा ते म्हणाले, "रोज दिसणाऱ्या माणसाच्या कातडीचा रंग करा. आठवणीतून."

मी ताईचा केला. पांढऱ्यात पिवळा, निळ्याचा जेमतेम ठिपका. हुबेहूब जमला. इतका, की बघवेना. म्हणून त्यात लाल घातला, सुरीने घोटला. लाल दिसेनासा झाला. आणखी घातला. तोही गेला. काचेवर तोच मेणचट पिवळा.

"असं होत नाही," म्हणत सरांनी स्वतः अर्धी लाल ट्यूब त्यात पिळली. फरक नाही. मग हळूच विचारलं, "घरी कोण आजारी आहे?"

मी वर्गात कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

घरी आले तर ताई ओट्यापाशी उभी. कढईत काहीतरी परतत होती. गालांवर लाली. "अचानक भूकच लागली बघ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचं रक्त मीच तपासलं. मशीनवर भरवसा बसेना, म्हणून पुन्हा तपासलं. धडधाकट माणसाचं रक्त.

आठवडा सरता सरता ती पुन्हा आडवी झाली. मग दर रविवारी मी तोच रंग कालवून त्यात सरांच्या ट्यूबमधला लाल जिरवू लागले. ताई जिने चढू लागली, मला आयतं ताट वाढू लागली. कित्येक महिन्यांनी मला सलग झोप लागली.

इकडे सरांच्या गप्पा आटल्या. ते भिंतीला टेकून शिकवायचे.

"रक्त तपासून घ्या," मी म्हणाले.

"दमलोय जरा. बघू."

परवा कागद कापताना पातं त्यांच्या अंगठ्यात शिरलं. चांगलंच खोल. मी कापूस घेऊन धावले.

जखमेतून आलं ते पाण्यासारखं नितळ होतं. थेंब पडला तिथे कागद नुसता ओला झाला.

सरांनी तो पाहिला. मग काचेवरचा माझा रंग पाहिला.

तेवढ्यात फोन वाजला. ताई होती. "लवकर येशील का गं? आज उठवतच नाहीये."

मी लाल ट्यूबचं झाकण फिरवलं.

सर शेजारच्या खुर्चीवर बसले, आणि माझ्याकडे रक्त द्यायला येणारे बसतात तसे, मान दुसरीकडे वळवून थांबले.