अकोल्याले जाजो

जयवंतानं गाडीतल्या कापसात पाय ठेवला आणि कापूस ओरडला.

ती दचकून मागं सरली. अमरावतीच्या कापूसबाजारात त्या सकाळी गाड्यांची अशी दाटी होती, की बैलांची शिंगं एकमेकांत अडकत होती. सातासमुद्रापार कुठंतरी लढाई पेटली होती आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. तिचा बाप नत्थुजी अडत्याकडं गेला होता. गाडी राखायला ती एकटीच. तिनं बैल हाकायची काठी उचलली आणि आवाज आला तिथं धीर करून टोचली.

"अरे बाप्पा! मारता काय?" कापसातून एक डोकं वर आलं. केसांत, भुवयांत, मिशीच्या कोवळ्या लवेत कापूसच कापूस.

"कोन व्हय रे तू? चोर?"

"चोर असतो तं झोपलो असतो काय? हळू बोला जराशा... माहा भाऊ हुडकून राहिला मले."

"काहून? काय केलं तुनं?"

"काईच नाई केलं. तेच तं भांडण आहे."

जयवंता खुदकन हसली. हसली आणि लगेच पदर तोंडाशी नेऊन चहूकडं पाहू लागली. कपाळ मोकळं असलेल्या बाईनं भर बाजारात हसू नये, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. त्यानंही ते कपाळ पाहिलं. पण नजर तिथून हलली ती खाली नाही, थेट तिच्या डोळ्यांत आली.

त्याचं नाव सूर्यभान. मोठा भाऊ केशवराव कापसाचा दलाल. सूर्यभानची अमरावतीची शाळा नुकतीच संपली होती. शाळेत तो पहिला आला नाही, शेवटचाही नाही, आणि त्याबद्दल त्याला कधी वाईटही वाटलं नाही. आता मात्र घरात रोज तीच कटकट. भाऊ म्हणे दलालीत ये. काका म्हणत सरकारी जमीन मोजणीत जा. शाळेतले मास्तर म्हणत, अकोल्याला गुरुजी तयार करायची नवी शाळा निघाली आहे, तिथं नाव घाल.

"अन् तुले काय वाटते?" जयवंतानं विचारलं.

"मले भेव वाटते," तो म्हणाला. "साऱ्यांचंच."

त्यानंतर जयवंताच्या गावची, नांदगावची ती गाडी बाजारात आली, की सूर्यभान कुठून तरी उगवायचा. कधी मूठभर फुटाणे आणायचा, कधी नुसताच चाकाला टेकून उभा राहायचा. नत्थुजी त्याला पाहून खाकरायचा, पण हाकलायचा नाही. नवरा गेल्यापासूनच्या दोन वर्षांत लेकीला त्यानं इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

एकदा तिनं विचारलं, "दूरच्या लढाईनं आमच्या कापसाचा भाव कसा काय वाढते?"

सूर्यभाननं गाडीच्या फळीवर सरक्या मांडल्या. ही साहेबाची गिरणी, हा तिकडचा कापूस, हे अडलेलं जहाज, ही आपली गाडी... एक सरकी उचलली, दुसरी सरकवली, आणि जयवंताला सगळं लख्ख दिसलं.

"तुले कसं रे इतकं समजते?"

"मले पयल्यांदा समजतच नाई. मास्तरले पुन्हा पुन्हा इचारा लागते. पोट्टे हासत. पन कुठी अडते, ते मंग पक्कं ध्यानात राहते."

जयवंता त्याच्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "तू गुरुजी हो."

"मी?"

"ज्याले अडते त्याले तूच सांगू शकशीन. अकोल्याले जाजो."

शब्द तोंडून गेले आणि तिनं जीभ चावली. तिचा नवरा भगवंत कापसाच्या गाड्यांबरोबर निघाला होता तेव्हाही, भाकरीचं फडकं हातात देत, तीच म्हणाली होती... जाजो. खामगावच्या रस्त्यात त्याला पटकी झाली. तो आलाच नाही. गावात बाया अजून कुजबुजत, हिच्या जिभेचाच गुण.

"तू म्हनते, तं जातो," सूर्यभान म्हणाला. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, नको जाऊ. पण त्याचा चेहरा पहिल्यांदाच जागा झालेला दिसत होता.

तो गेला. बडनेऱ्याहून आगगाडीनं.

उन्हाळा आला. तिकडची लढाई थांबली आणि भाव धाडकन पडला. केशवरावाची दलाली बसली. आणि मग गाडीवानांनी बातमी आणली, अकोल्यात पटकी लागली. मोर्णा नदीच्या काठी रोज चिता जळते. शाळा बंद पडली म्हणतात...

जयवंताच्या घशाखाली घास उतरेना. गावच्या खंडेश्वराच्या देवळाच्या पायरीवर ती बसून राही, पण देवाकडं काही मागायचीही तिला धास्ती वाटे. आपण तोंड उघडलं की उलटं होतं, हे तिच्या मनानं धरलंच होतं. शेवटी एका सकाळी ती बापासमोर उभी राहिली.

"बा, मले अकोल्याले ने."

"तथी मरन आहे, बाई."

"म्हनूनच ने."

नत्थुजीनं तिच्याकडं पाहिलं आणि गाडी जुंपली.

बडनेऱ्याहून पुढं आगगाडी. पहिल्यांदाच चढलेले बापलेक दोघंही पाय वर घेऊन बसले. अकोल्याचे रस्ते दिवसाढवळ्या ओस होते. शाळेच्या दाराला कुलूप. जयवंतानं कुलूप हातात धरलं आणि तशीच उभी राहिली.

शेजारची एक म्हातारी दारातून म्हणाली, "मास्तर हुडकता काय? नदीपल्याड आंबराईत हायेत. उरलेसुरले."

उरलेसुरले. जयवंता धावली. पायात काटा मोडला तरी थांबली नाही.

आंब्याखाली काही पोरं बसली होती. समोर एक काटकुळा माणूस, डोकं भादरलेलं, जमिनीवर चिंचोके मांडून काही समजावत होता. त्यानं वर पाहिलं. हातातला चिंचोका गळून पडला.

"तू...? काहून आली इथी? पटकी आहे इथी!"

"पाहाले आली."

"काय पाहाले?"

"जिता हायेस का..." ती वाकून पायातला काटा काढू लागली. "म्या जाजो म्हनलं की मानूस वापस येत नाई, सूर्यभान."

तो जवळ आला. हात लावू की नको, अशा अंतरावर थांबला. "मले झाली होती पटकी. लय भेलो. सारखं एकच वाटे, आपन मेलो तं हे बाई सोतालेच दोष देईन. म्हनून मेलो नाई."

"खोटारडा."

"थोडासा." तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "जयवंता... माह्यासंग पाट लावशीन? दुसरं लगन करशीन?"

आंब्यावर पोपट ओरडत होते. "तू बिनलग्नाचा," ती हळूच म्हणाली. "माह्यासंग पाट लावाचा तं पयले तुले रुईच्या झाडाशी लगन लावा लागीन. माही पीडा तिच्यावर जाईन, म्हंजे तू वाचशीन."

"लावतो. रुईलेही सांगतो, नवरदेव मधल्या नंबरानं पास होनार आहे. चालते का पाह्य!"

मागं नत्थुजी जोरानं खाकरला. त्या खाकरण्यात आज हसू होतं.

पुढच्या माघात नांदगावच्या शिवारात सूर्यभानचं रुईशी लग्न लागलं. केशवराव कुरकुरत का होईना, आला होता. निळसर फुलांच्या त्या झाडाला हळद लावली, सूत गुंडाळलं. जयवंता रिवाजाप्रमाणं लांब, बांधाआड उभी होती. अक्षता पडल्या. गावचा म्हातारा कुदळ घेऊन पुढं झाला. पहिली बायको मेली असं व्हायला हवं, म्हणून झाड उपटायची रीत.

"थांबा!"

सगळे वळले. जयवंता बांध ओलांडून येत होती. पदर डोक्यावरून सरकला होता.

"नका उपटू तिले," ती म्हणाली. "तिनं काय केलं?"

"अवो, ते जगली तं इडापिडा..."

"राहू द्या."

मग सूर्यभाननं म्हाताऱ्याच्या हातातली कुदळ घेतली, त्याच कुदळीनं रुईभोवती आळं केलं, आणि जयवंतानं कळशी वाकवून त्यात पाणी ओतलं.