पापनाशमच्या रस्त्यावरचा दगड

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी तंजावरला येऊन माझ्या बायकोला, कृष्णवेणीला, विचारावं. मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

१९९६ सालचा वैशाख. पापनाशमला आमचं लग्न लागलं आणि दुपारी आम्ही अॅम्बॅसिडरने तंजावरला निघालो.

वाटेत तेव्हा एक कोरीव दगड होता. तंजावरच्या मराठा राजांच्या काळात आमच्याच गल्लीतला एक जासूद तिथे तहानेने मेला, असं त्यावर लिहिलं होतं. म्हणून आमच्या घरची नवी सून तिथे उतरते, चोंबूभर, म्हणजे तांब्याभर, पाणी जमिनीवर ओतते आणि मगच पुढे येते.

त्या साली रस्ता रुंद होत होता. झाडं तोडलेली, कुठली खूण ओळखू येत नव्हती.

चिंचेच्या एका खोडापाशी गाडी अचानक बंद पडली.

चार वाजले होते.

ड्रायव्हर सुब्रह्मण्य उतरणार... तोच ती आपोआप सुरू झाली.

आम्ही हसलो.

दोन फर्लांग पुढे दगड आला. कृष्णवेणीने पाणी ओतलं. माती भेगाळलेली, तरी पाणी मुरेना... तसंच साचून राहिलं.

दगडाच्या बुडाला ताजं सिमेंट होतं. मला ते खटकलं. पण शुभकार्यात वाकडं कोण बोलणार?

दुसऱ्या दिवशी चार वाजता आईने स्वयंपाकघरातून हाक मारली.

भरलेला चोंबू रिकामा. आणि घासून पालथा ठेवलेला पेला... सुलटा!

आमच्याकडे पंगतीत ज्याला पाणी हवं, तो पेला सुलटा करून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही. जमिनीवर एक थेंब नाही.

आईचा संशय सुनेवर. "तुझ्या बायकोचें लक्षण बरें दिसत नाहीं. आल्यापासून घरांत पाणी टिकेना. अमावास्येच्या आंत माहेरीं पोंचव तिला."

"आत्याबाई, म्यां हातसुद्धां लावला नाहीं," कृष्णवेणी रडत म्हणाली.

खरं सांगतो, मलाही तिचाच संशय होता. आठ दिवसांच्या बायकोला कोण ओळखतं? आज लाज वाटते त्याची.

एका दुपारी मी तिला समोर बसवलं. तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

चार वाजले.

गट... गट... गट...

चोंबू जागचा हलला नाही. पाणी मात्र खाली खाली गेलं.

मग पेला सुलटा झाला. आमच्या डोळ्यांसमोर. म्हणजे तहान भागली नव्हती!

मला दगडाखालचं ते ताजं सिमेंट आठवलं. मी धावत गुरुराजमामांकडे गेलो. ते रस्त्याच्या ठेकेदाराकडे मेस्त्री होते.

"मामा, तो दगड हलवलात काय?"

त्यांनी मान खाली घातली. "रोलराखालीं फुटला असता रे. म्हणून उचलून पुढें लावला. दगड वाचला म्हणजे जागा वाचली, असें वाटलें मला."

"जुनी जागा कुठली?"

"चिंचेचें खोड आहे ना... तिथेंच."

आमची गाडी बंद पडली होती, तीच जागा!

दुसऱ्या दिवशी चारला आम्ही तिथे उभे होतो. खाली तापलेलं डांबर. कृष्णवेणीने चोंबू ओतला.

पाणी मुरलं. डांबरात!

दुसरा चोंबू मुरला. तिसराही. चौथ्याचं पाणी वर राहिलं.

त्यानंतर घरात कधी काही झालं नाही. आईने सुनेचे हात धरले. "चुकलें गो," एवढंच म्हणाली आणि रडली.

गोष्ट इथे संपली असती, तर मी लिहिलीही नसती.

यंदा आमच्या विघ्नेशचं लग्न आहे. मुलगी पापनाशमचीच. रस्ता पुन्हा रुंद झालाय. खोड नाही, दगड नाही, मामाही राहिले नाहीत. मी दोनदा जाऊन शोधलं. ती जागा मला सापडली नाही.

विघ्नेश म्हणतो, "अप्पा, कुठें तरी ओतूं या. कोणाला कळणार?"

काल दुपारी चार वाजता कृष्णवेणीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. बोट दाखवलं.

पेला सुलटा होता...

सून यायला अजून अकरा दिवस आहेत.