एसीचा दुसरा आजार

"मावशी, लगेच ये. एसी परत मेला!" फोनवर भाचीचा आवाज रडवेला होता.

हवालदारमावशी तशीच चपला सरकवून निघाली. नोकरीतून निवृत्त झाली तरी तिची नजर अजून ड्यूटीवरच होती. ती स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली तरी दुधाची उतू जायची छाती होत नसे, असं लोक सांगत. आणि लोक कमीच सांगत.

गाडी दारात उभी होती. मागच्या सीटवर तिची थोरली बहीण, ताई, घामाने निथळत होती. शेजारी भाऊजी पुठ्ठ्याने वारा घालत होते. ताईचा आजारच असा, की उकाडा वाढला की पायांतला जीव जायचा. आणि वरचेवर जावं लागणारं हॉस्पिटल तासाभराच्या वाटेवर.

"आता बस झालं," भाची म्हणाली. "आजही एसी चालला नाही, तर आईला हॉस्पिटलशेजारच्या शुश्रूषागृहात ठेवणार. कायमची. मला हे हाल बघवत नाहीत."

ताईने भाऊजींकडे पाहिलं.

मेकॅनिक बॉनेट उघडून असा उभा होता, जणू इंजिनच त्याची उलटतपासणी घेतंय.

"काय काय केलंस रे?"

"काय नाही केलं ते विचारा! आधी हवा हळूहळू कोमट व्हायला लागली. गॅस लीक होतोय, हे मागे बसलेल्या या काकांनाही दाखवलं, पाइपचा जोड बदलला, गॅस भरला. फिल्टरमधून अख्खी बाग निघाली, ती काढली. पुढची जाळी धुतली. पट्टा ठणठणीत. गॅरेजमध्ये दात वाजतील इतकी गार होते. इथे आली की ढिम्म!"

"लाव बरं एसी."

भाचीने बटण दाबलं. पंखा घरघरला, गरम हवा आली. मावशीने कान टवकारले.

"आत्ता काहीतरी टक् वाजायला हवं होतं ना?"

"तेच तर! कॉम्प्रेसर सुरू होताना वाजतं. इथे वाजतच नाही."

मावशी पाणी प्यायला आत गेली. स्वयंपाकघरात विजेची शेगडी. काडेपेटी औषधालाही नाही.

ती बाहेर आली. "भाऊजी, इतकी वर्षं वायरमन होतात. दिवा लावताना बटणात काय होतं?"

"ठिणगी पडते. बारीकशी."

"आणि खोलीत गॅस कोंडला असेल तर?"

भाऊजींचा पुठ्ठा थांबला.

"मावशी, बाबांना काय विचारतेस?" भाची चिडली.

"ऐक. या एसीला दोन आजार झाले. पहिल्यात गारवा हळूहळू गेला. ती गळती, आणि ती बरी झाली. दुसरा एकदम ठप्प, आणि तोही ताई बसणार असेल तेव्हाच! गळती काही माणसं बघून होत नाही. कॉम्प्रेसरला वीज सोडणारा रिले कुणीतरी काढतं, गाडी गॅरेजला निघाली की परत बसवतं. वायरमनला ते डोळे मिटून जमेल. तुझ्या काकाने गॅस कोंडलेल्या स्वयंपाकघरात दिव्याचं बटण दाबलं आणि भडक्यात तो गेला, त्यानंतर इथली शेगडी विजेची झाली. मेकॅनिक 'गॅस लीक' म्हणाला, भाऊजींना सिलिंडर दिसला. काढा, भाऊजी."

भाऊजींनी खिशातून काळा, चौकोनी रिले काढला.

"अहो काका, हा गॅस पेटत नाही!" मेकॅनिक कळवळला.

"नसेल. माझ्या भावालाही सगळे म्हणाले होते, काही होत नाही."

मेकॅनिकने रिले बसवला. टक्. गार झुळूक आली.

भाऊजी तोवर खाली उतरले होते. "कळतंय गं मला सगळं," ते मावशीला म्हणाले. "पण एसी लागला की आत बसवत नाही."

"मला ठाऊक होतं," ताई हळूच म्हणाली. "पहिल्याच दिवशी पाहिलं मी यांना, बॉनेटखाली."

"आणि बोलली नाहीस? एवढी होरपळलीस, आई!"

"एसी बंद असला की हे बरोबर यायचे."

उशीर होत होता. शेवटी मावशीच भाऊजींच्या जागी बसली. काचा वर गेल्या, गाडी निघाली. चोर सापडला होता, आणि त्याचं करायचं काय, हे मावशीला कुठल्याही ठाण्यात शिकवलेलं नव्हतं.

वळणावर ताईने पाय हलवून पाहिला. हलला.

"गार वाटतंय?" मावशीने विचारलं.

"हो. खूप," ताई म्हणाली, आणि तोंड काचेकडे फिरवलं.