एकाच बोल्टला रंग!

"कॅमेरा हातात नको! कठड्याला घट्ट बांध!" टिकटिक ओरडला. त्याचं तोंड घड्याळासारखं सतत चालू, म्हणून हे नाव.

"बांधतोय रे! कान किटले माझे!" लंबूने पट्टा आवळला. आगपेटीएवढा ॲक्शन कॅमेरा आता पोहण्याच्या तलावाच्या कठड्यावर, उडीच्या फळीच्या मागच्या टोकासमोर बसला.

त्यांची मैत्रीण मुंगी नुसती बघत उभी होती. सुट्टी लागली त्याच आठवड्यात तिचा दादा या फळीवरून पडला. पाय दोन ठिकाणी मोडला. "शायनिंग मारायला गेला नि घसरला," असं तलावाच्या मॅनेजरकाकांनी गावभर सांगितलं. "फळी हलली होती," असं दादा एकदाच म्हणाला. कुणी ऐकलं नाही. मग त्याने बोलणंच सोडलं. मुंगीला रडू आलं नाही, रागही आला नाही. आत सगळं बधिर झालं होतं.

काल मात्र तिला एक गोष्ट खटकली. फळीचे सगळे बोल्ट गंजलेले, आणि एकावरच ताजा निळा रंग!

"एकाच बोल्टला रंग कशाला?" तिने विचारलं. आठ दिवसांत ती पहिल्यांदाच आपणहून काही बोलली होती.

मॅनेजरकाकांना सांगितलं, तर त्यांनी पिटाळून लावलं. मग तिघांनी सरांच्या उडीचं लांबून चित्रण केलं, पण हळू करून पाहिलं तर ते नुसतं अडखळत होतं.

"सेकंदाला तीसच चित्रं घेतली ना आपण!" टिकटिकने आज खुलासा केला. "मधलं सगळं निसटलं. आता दोनशे चाळीस घेऊ! भर ऊन आहे, चित्र काळवंडणारही नाही!"

नेहमीप्रमाणे दुपारी पोहण्याचे सर आले. त्यांनी उडी मारली. धप्प! डोळ्यांना काहीच वेगळं दिसलं नाही.

लंबूच्या घरी संगणकावर तीच उडी आठपट हळू केली. आता सगळं लोण्यासारखं मऊ सरकत होतं. सरांचे पाय उचलले गेले, आणि निळा बोल्ट सावकाश बोटभर वर आला! फळी डावीकडे कलली. मग बोल्ट पुन्हा भोकात बसला, जणू काही झालंच नाही.

"अरे बापरे!" लंबू खुर्चीतून उठलाच. "आणि उद्या तिथे लहान मुलांची उड्यांची स्पर्धा आहे!"

"आज संध्याकाळी पालकांची सभा आहे," मुंगी सपाट आवाजात म्हणाली. "तिथे दाखवू."

"काका आपल्याला दारातही उभं करणार नाहीत!" टिकटिक म्हणाला.

"करतील. तलावाची फिल्म केलीय म्हणून सांगू."

आणि झालंही तसंच! "वा! पोरं गुणी आहेत हो!" म्हणत मॅनेजरकाकांनी स्वतः मोठा पडदा लावला, स्वतः दिवे मालवले. पडद्यावर सरांनी झेप घेतली. निळा बोल्ट वर आला. कुणीतरी किंचाळलं.

"पुन्हा दाखवा!" सर गरजले. पुन्हा दाखवलं.

"रंग... सैल बोल्ट लपवायला रंग मीच दिला," मॅनेजरकाका पुटपुटले. "स्पर्धेनंतर दुरुस्त करणारच होतो. चुकलो मी."

"फळी आत्ताच काढायची!" सर म्हणाले. मग तिघांकडे वळले. "शाब्बास! मी रोज तिच्यावर उभा राहतो, पण मला दिसलं नाही!" पालकांनी टाळ्या वाजवल्या. आईने मुंगीला जवळ घेतलं. मुंगी नुसतं "हं" म्हणाली.

घरी येऊन तिने दादापुढे फोन धरला. तो बघत राहिला.

"पुन्हा लाव."

तिने लावलं. तिसऱ्यांदा बघताना तो हुंदके देऊन रडू लागला. मुंगीचे डोळे कोरडेच होते. तिने फोन बाजूला ठेवला आणि त्याचा हात धरला.

"मी घसरलो नव्हतो," दादा म्हणाला.

"नव्हतास," मुंगी म्हणाली.