एक्क्याऐंशी टक्के जुळणी

सकाळी सव्वादहाला निनाद तांडेल यांनी तक्रार नोंदवली, की तिसऱ्या मजल्यावर पाणी फार कमी दाबानं येतं आहे. "दोन दिवस झाले हो," असं ते म्हणाले आणि त्या "हो"नंतर नेहमीसारखे किंचित थांबले.

देवखाडी महानगरपालिकेच्या सायबर सुरक्षा कक्षात शर्वरी तांडेलनं ती तक्रार शेवटपर्यंत ऐकली आणि हेडफोन काढून ठेवला. समोर राज्य सुरक्षा विभागाकडून तपासणीला आलेली फरीदा मुकादम दुसरा हेडफोन लावून बसली होती. देवखाडीची पद्धत राज्यभर लागू करावी की नाही, याचा अहवाल तिला द्यायचा होता.

"तांडेल? तुमचे यजमान?" फरीदानं विचारलं.

"हो."

"मग पाण्याचं तुम्हालाच सांगायचं ना घरी. पालिकेला कशाला फोन?"

शर्वरी हसली. "ते बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेले, फरीदा. कोर्टानं मृत ठरवलंय. आत्ता बोलला तो त्यांचा छायानागरिक."

फरीदानं जीभ चावली. "माफ करा हं, ताई. कागदावर वाचलं होतं, पण आवाज इतका खरा असेल असं वाटलं नव्हतं."

"खराच वाटायला हवा. नाहीतर चोर कसे फसतील?"

पाच वर्षांपूर्वी पालिकेच्या सगळ्या सेवा फोनवर आल्या. बोलणारा कोण हे यंत्र त्याच्या स्वरलयीवरून ओळखू लागलं. शब्दांमधली अंतरं, श्वास घेण्याच्या जागा, वाक्य शेवटी कुठे उतरतं, हे सगळं मिळून जी आकृती होते ती दोन माणसांची सारखी नसते. पण चोरांकडेही नक्कल करणारी यंत्रं होती. म्हणून मृत नागरिकांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून छायानागरिक घडवले गेले. ते अधूनमधून फोन करतात, दिव्याची, गटाराची तक्रार करतात. बाहेरून पाहणाऱ्याला खरे कोण आणि छाया कोण हे कळत नाही.

"आणि छायेच्या नावानं बाहेरून कुणी फोन केला," शर्वरी म्हणाली, "तर तो चोरच. मेलेला माणूस फोन करत नाही. एवढ्या एका गोष्टीवर सगळं उभं आहे. फोन तिथल्या तिथे तुटतो आणि त्या नंबरला वर्षभर राज्यातली एकही सेवा मिळत नाही."

"तो फोन तुम्ही ऐकता?"

"नाही. चोराचा आवाज ऐकायचा नाही, हा इथला पहिला नियम. कान फसतो. आम्ही फक्त आकडा बघायचा, छायेशी किती टक्के जुळतो तो."

हा नियम आला होता तो निनादमुळेच. तो पाणीपुरवठ्यात अभियंता होता. त्या काळी झडपा उघडायचे हुकूम फोनवरून जात आणि माणसं ते कानानं ओळखत. कुणीतरी निनादच्या आवाजात हुकूम दिला, रात्रपाळीनं मैलापाण्याची झडप उघडली आणि कोळीवाड्यातली दोनशे माणसं आजारी पडली. तिघं दगावली. "मी फोन केलाच नाही," असं निनाद सांगत राहिला. त्याच्या हाताखालची माणसं म्हणत होती, साहेब, आम्ही तुमचा आवाज ओळखत नाही होय? चौकशी बसली आणि नऊ डिसेंबरला निनाद घरातून निघून गेला.

चौकशी सहा वर्षं चालली. निनाद निर्दोष ठरला. पण अहवालात पालिकेच्या सगळ्या कच्च्या जागा लिहिलेल्या होत्या, म्हणून तो निकालासकट गोपनीय राहिला. ज्याची चौकशी झाली त्यालाच तो मिळू शकतो, तोही त्यानं स्वतः मागितला तर. पुढच्या वर्षी दिरांनी आग्रह धरला, घराची कागदपत्रं अडली होती, आणि शर्वरीनं मृत्यूच्या अर्जावर सही केली. छायेच्या संमतिपत्रावरही तिचीच सही होती. तेव्हापासून सकाळी कामाला बसल्यावर पहिली तपासणी निनादच्या छायेच्या आवाजाची, हा तिचा नेम झाला होता. देवापुढे दिवा लावावा तितक्या शांतपणे ती तो हेडफोन लावत असे. आत बोलणारा कुणी नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी ते "हो" ऐकल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे.

फरीदा हल्ल्यांची यादी बघत होती. "हा एक्केचाळीस नंबरचा कोण? दरवर्षी एकदाच येतो?"

"तो आमचा वर्षश्राद्धवाला," पलीकडच्या टेबलावरून कुलदीप सामंत म्हणाला. "तांडेलसाहेबांच्याच नावानं येतो. नऊ डिसेंबर चुकवत नाही मेला. दरवेळी वेगळं गाव, तिथलं सरकारी सेवाकेंद्र. पोलीस पोचेपर्यंत गायब."

"मागतो काय?"

"चौकशीचा अहवाल," शर्वरी म्हणाली. "त्यातल्या कच्च्या जागा हव्या असणार. तारीखही कुठून तरी मिळवली असेल. गेलेल्याचं नावसुद्धा सोडत नाहीत."

फरीदा आकडे पुटपुटू लागली. "ब्याण्णव. नव्वद. सत्त्याऐंशी. पंच्याऐंशी. गेल्या वर्षी एक्क्याऐंशी." ती थांबली. "ताई, हा कसला चोर?"

"म्हणजे?"

"चोर शिकतो ना. पंचवीस जिल्ह्यांचे हल्ले बघितलेत मी. पहिल्या वर्षी सत्तर, मग ऐंशी, मग नव्वद. यंत्र चांगलं होत जातं, नक्कल सुधारत जाते. हा पहिल्याच वर्षी ब्याण्णव घेऊन आला, आणि दरवर्षी बिघडतोय."

"यंत्र जुनं असेल," सामंत म्हणाला.

"जुनं असेल तर आकडा तसाच राहील, सामंत. खाली कशाला येईल? तुमची छाया कितव्या वर्षाची आहे?"

"बारा वर्षांपूर्वीची," शर्वरी हळूच म्हणाली. "छायेचं वय वाढत नाही."

सगळ्यांना एकच गणित सुटलं होतं. जी आकृती जागची हलत नाही, तिच्यापासून दरवर्षी दोन-चार टक्के दूर जाणारं जगात काय असतं? म्हातारा होत जाणारा माणूस. दम लागतो, थांबण्याच्या जागा बदलतात, वाक्य आधीच उतरतं.

शर्वरीनं पाचही अहवाल उघडले. प्रत्येकाखाली "घुसखोर रोखला" असं लिहून तिनं सही केली होती.

"ते विचारायला येताहेत," ती म्हणाली. "ठपका गेला की नाही, एवढंच. हे कळल्याशिवाय घरी येणार नाहीत. आणि दरवर्षी मी फोन तोडते."

"ध्वनिमुद्रण असेल ना?" फरीदानं तिच्या हातावर हात ठेवला. "ऐका, ताई. नियम गेला खड्ड्यात."

शर्वरीनं पडद्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "नको. मला ते इतके हवे आहेत, की कुणाचाही आवाज मला त्यांचाच वाटेल. तिघांचे जीव अशा कानावरच्या भरवशानंच गेले. आकडा पुरे आहे."

"मग एक ऐका. तुमच्या यंत्राची खालची मर्यादा ऐंशी आहे. त्याखाली आलेला फोन हल्ला म्हणूनही नोंदला जात नाही, खरखर समजून सोडून देतात. यंदा तो आला तरी तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

नऊ डिसेंबरला अकरा दिवस उरले होते.

उपाय एकच होता. मृत्यूची नोंद रद्द करायची. जिवंत नागरिकाची आकृती त्याच्या वयाबरोबर बदलू देतात, जुळणी साठपर्यंत चालते, शंका आली तर घरच्या माणसाला जोडून देतात. मात्र जिवंत माणसाची छाया ठेवता येत नाही. ती त्याच क्षणी पुसली जाते आणि पुन्हा घडवता येत नाही.

"आणि तो नसलाच तर?" सामंतनं विचारलं. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. "वहिनी, मग हेही जाईल. रोज सकाळचं."

"जाऊ दे," शर्वरी म्हणाली. पण अर्ज उघडायला तिला दुपार झाली.

"व्यक्ती जिवंत असल्याचा पुरावा" या रकान्यात तिनं स्वतःच्या सहीचे पाचही हल्ल्यांचे अहवाल जोडले. तपासणी अधिकारी म्हणून फरीदानं दुसरी सही केली. यादीतलं एक नाव एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं. बाकी काहीच दिसलं नाही.

"आता फोन आला आणि अहवाल मागितला, तर यंत्र देऊन टाकील," फरीदा म्हणाली. "माझं गणित चुकलं असेल तर शहराच्या चाव्या चोराच्या हातात जातील. माझ्या सहीनं."

"अहवाल द्यायचा नाही. तो मी अडवून ठेवलाय. नागरिकासाठी प्रलंबित निरोप ठेवता येतो, तेवढाच वाचून दाखवतील."

"चोरानं ऐकला तर?"

"ऐकू दे. त्याला त्याचा काही उपयोग नाही."

फरीदानं वाकून पडद्यावर पाहिलं. शर्वरीनं निरोपाच्या जागी लिहिलं होतं: चौकशी संपली. तुमचा दोष नव्हता. मी त्याच घरात आहे.