चर्चच्या अंगणातलं गाऱ्हाणं

शेवंती बांगड्याचं सार ढवळत होती, तेवढ्यात पावसानं निथळणारा एक अनोळखी तरुण हातोडी घेऊन तिच्या स्वयंपाकघरात शिरला. चुलीपासून हातभर अंतरावर त्यानं लाल फडक्याची खुंटी ठोकली आणि नम्रपणे म्हणाला, "दर्या हयसर येतलो."

शेवंतीच्या हातातला डाव हवेतच राहिला.

"जेवूक?"

"नाय गो… रवूक."

तो इनास डिसोझा. किनाऱ्यावरच्या गरिबांसाठी चर्चच्या तरुणांनी हवामानबदलाचं काम हाती घेतलं होतं. समुद्र पुढं कुठवर येईल, ते खुंट्या मारून दाखवायचं. लोकांना धक्का बसायला हवा, असं फादर म्हणत.

शेवंतीला बसला. खुंटीचा, की त्या ओल्या पापण्यांचा — तिलाच कळेना.

"आमच्याकडे एक पंखो, तोय बंद. मगे एवढो धूर केलो कोणी?"

"श्रीमंतांनी. पाणी मात्र तुझ्या चुलीत. तांच तर सरकाराक सांगूचा आसा."

मग तो रोज खुंटी तपासायला येऊ लागला. समुद्र इतक्या घाईनं वाढत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. सार मात्र रोज वाढलं जाई…

आणि एक दिवस बातमी आली — सरकार त्यांच्या तोंडवली गावातली किनाऱ्यावरची घरं उठवून दूर सड्यावर, वरच्या उघड्या कातळावर नेणार.

"सड्यार होडी काय काजीच्या झाडाक बांधू?" शेवंतीचा बापूस बाबली ओरडला. शेवंतीनं चुलीजवळच्या खुंटीकडे पाहिलं. सड्यावर खुंटी तपासायला कोण येणार?

चर्चच्या अंगणात सभा भरली. हिंदू, क्रिस्तांव, सगळे आले. जिल्ह्याचे साहेबही आले. सुरुवात गावच्या रिवाजानं, गाऱ्हाण्यानं — एकानं देवाकडे मागायचं, बाकीच्यांनी हुंकार भरायचा. फादरनी माईक इनासला दिला.

"बा देवा म्हाराजा, गरिबांक दर्यापासून तोडू नको!"

"व्हय म्हाराजा!"

"घरां हलवूची तर गावातच जागा दी!"

"व्हय म्हाराजा!" लयीत साहेबही म्हणाले, आणि न वाचता सही केल्यासारखे दिसू लागले.

"आणि ह्या शेवंतीचो… माझ्यावांगडा संसार होऊ दी!"

"व्हय म्हाराजा!"

मग आपण कशाला होकार दिला, ते सगळ्यांच्या ध्यानात आलं. सगळ्यात मोठ्यानं बाबली ओरडला होता. त्याचं तोंड मिटेना. फादरनी माईककडे असं पाहिलं, जणू तोच बोलला. गाऱ्हाण्याला भरलेला हुंकार मागं घेता येत नाही. देव ऐकून बसलेला असतो.

"आता म्हटलंच आहे," साहेब पुटपुटले, "तर गावातच जागा बघू."

शेवंती तरातरा माडाखाली गेली. मागोमाग इनास.

"तोंडातसून गेला गो…"

"सगळ्या गावाक इचारलंस. फादराक, सायबाक. माकाच तेवढा नाय!"

"मगे… आता इचारू?"

"देवाक मोठ्यान सांगूचा लागता. माका…" तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "…नाय."

तो जवळ आला. त्यानं इतक्या हळू विचारलं, की पलीकडे कान टवकारून उभ्या राहिलेल्या तिच्या आईलाही काही कळलं नाही.

"व्हय," शेवंती म्हणाली.

म्हाराजा मात्र म्हणाली नाही.