एकाच घरचे दोनशे वाक्प्रचार

चिपळुणात आता इंग्रजी वाक्प्रचार दवाखान्यात बसवून मिळत. दात बसवतात तसेच; फक्त भूल कमी लागे.

भालचंद्र रेडीज यांना ते नातीसाठी हवे होते. इरा लीड्सला जन्मलेली, नऊ वर्षांची. दर रविवारी फोनवर आजोबा विचारत, "हाऊ इज युवर हेल्थ?" इरा म्हणे, "फाइन." मग दोघं थोडा वेळ एकमेकांचा श्वास ऐकत आणि फोन ठेवत.

"वाक्प्रचाराचा अर्थ पाठ करून भागत नाही," डॉ. मृण्मयी धामणस्करांनी समजावलं. "मेंदूत तो एखाद्या प्रसंगाला चिकटलेला असतो. म्हणून इंग्रजी दात्याच्या मेंदूतून आम्ही तो प्रसंगासकट उतरवतो आणि तुमच्या मेंदूवर बांधतो. आंब्याचं कलम बांधतात ना, तसं. हे वाक्कलम. दोनशे वाक्प्रचार, दोनशे दाते."

"दोनशे घरचं मिसळलेलं?" रेडीजांचा चेहरा पडला. त्यांच्याकडे कोकमाचं आगळसुद्धा वर्षानुवर्षं एकाच घरून येई. "नको. एकाच माणसाचे द्या."

"काका, दोनशे माणसांचे प्रसंग एकमेकांना जुळत नाहीत, म्हणून अर्थ देऊन गप्प बसतात. एकाच माणसाचे आत जुळायला लागले, तर..."

"तर भेसळ नाही," रेडीज म्हणाले आणि सही केली.

दाता मिळाला आर्थर. लीड्सचाच बसचालक, मरण्याआधी आपला मेंदू नोंदवून गेलेला.

पुढच्या रविवारी इराचं गणित चुकलं होतं. "चिन अप, लव्ह," आजोबा सहज बोलून गेले; हिंमत सोडू नकोस गं, अशा अर्थी. इरा आधी दचकली, मग खिदळली, मग चाळीस मिनिटं फोन ठेवेना. रेडीजांनी त्या दिवशी रात्रीचं जेवण दोनदा केलं.

शंका फक्त त्यांच्या बायकोला, सुनंदाबाईंना होती. "अहो, दुपारच्या डुलकीत मार्गारेट मार्गारेट काय करता? कोण ती?"

"आर्थरची मुलगी. शाळेच्या पायरीवर गुडघा फोडून बसली होती, तेव्हा मी चिन अप म्हणालो."

"तुम्ही?"

"म्हणजे तो."

"वय काय तिचं?"

"आठ."

"मग असू दे," म्हणत सुनंदाबाई पुन्हा भाजी निवडू लागल्या.

महिन्याभरात डॉक्टरांचा निरोप आला. मार्गारेट आता बासष्टची होती, एकटी राहत होती. वडिलांचं बोलणं एकदा, एकदाच ऐकायचं होतं तिला. रेडीजांना नाही म्हणवेना.

फोन रविवारी आला. पलीकडची बाई हॅलो म्हणाली आणि रडू लागली. रेडीजांना शब्द शोधावे लागले नाहीत. पायरी, गुडघा, बसमधली तिची खिडकीजवळची जागा, सगळं ते हळूहळू सांगत राहिले.

तेवढ्यात सुनंदाबाई आपला फोन घेऊन धावत आल्या. "अहो, इरा! नाटकात पार्ट मिळालाय तिला. आधी आजोबांनाच सांगणार म्हणते."

रेडीजांनी हातानेच त्यांना गप्प केलं.

"तिला म्हणावं नंतर कर," ते कुजबुजले. "माझी पोरगी रडतेय इकडे."